भिजलेल्या पोटांची मोजणी

मावशी नाव वल्हवताना बोलत नसे आणि नाव थांबली की थांबत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अभयारण्यात इंटर्नशिपला आलेले आम्ही सहा जण, सगळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचे. काम एकच: नदीच्या मधोमध असलेल्या वाळूच्या बेटावर सुरय पक्ष्यांची घरटी मोजायची आणि पिल्लं निघेपर्यंत नोंदी ठेवायच्या. घरटं म्हणजे वाळूत टाचेएवढा खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी. पाय पडेपर्यंत दिसणार नाहीत, आणि पाय पडल्यावर दिसून काय उपयोग?

मावशी आमची नावाडी. तिच्या एकोणिसाव्या वर्षी वडिलांचा खांदा निकामी झाला. तेव्हा तिने वल्हं हातात घेतलं, ते एकतीस उन्हाळे सोडलं नाही. शाळा सातवीपर्यंत. तिने बेटावर उतरवलेल्यांपैकी चौघे आता प्रोफेसर आहेत. त्यांचे फोटो नावेच्या शेडमध्ये खिळ्यांना अडकवलेले. "हा नावेत फार ओकायचा," एवढीच ती एकेकाची ओळख करून देई.

घरटं सापडलं की मावशी त्याच्यापासून दहा पावलांवर, प्रवाहाच्या दिशेला, एक चपटा दगड ठेवायची.

"दहा पावलं कुणाची, मावशी?" टॉपरने विचारलं. टॉपर म्हणजे आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी. हे तिनेच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं. "तुमची की माझी?"

"माझी. तू अजून चालायला कुठे लागलीस?"

सुनेचं बाळंतपण म्हणून मावशी दोन दिवस लेकाकडे गेली. बदली नावाड्याला बेटाचं सोयरसुतक नव्हतं. टॉपरने दगड बाजूला सारले आणि अडतीस घरट्यांशेजारी, वीतभर अंतरावर, नंबर घातलेले नारिंगी झेंडे रोवले. आम्ही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. बेट शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी परतली आणि आम्हाला नावेत घेऊन निघाली. बेट दिसताच तिचं वल्हं पाण्यातच थांबलं. एक कावळा झेंडा क्रमांक बाराकडे निघाला होता. उडत नाही, चालत. रांगेत आपला नंबर आल्यासारखा. त्याच्या मागे अकरा झेंडे आणि अकरा रिकामे खळगे.

"योगायोग असेल," टॉपर पुटपुटली. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला…"

"फांदी तूच रोवलीस की, बाई."

टॉपर नावेत ताडकन उठली. "मी काढते सगळे. आत्ता काढते."

"बस खाली. नुसते काढलेस तर तो त्याच जागा धुंडाळत बसेल. नारिंगी म्हणजे जेवण, हे पाठ झालंय त्याचं. आता उलटं पाठ करून घ्यायचं."

"उलटं म्हणजे?"

"नारिंगी म्हणजे उपास."

मावशी एकटीच उतरली, अनवाणी, डोक्यावर उपडी टोपली घेऊन. सुरय किंचाळत टोपलीवर चोची मारत होते. ऊन चढायच्या आत परतायला हवं होतं, कारण पक्षी उठून गेले की उघडी अंडी वाळूत शिजून जातात. ती पाय उचलत होती तेही मोजून, टेकवत होती तेही मोजून. अडतीसही झेंडे तिने उपटले आणि बेटाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे एकही घरटं नव्हतं, तिथे नेऊन रोवले.

त्यानंतर तीन दिवस बेटावर कुणीच पाय ठेवला नाही. आम्ही लव्हाळ्यांत नाव लावून पाहत होतो. पहिल्या दिवशी कावळ्याने अडतीसही झेंडे तपासले. दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी तो एका झेंड्यावर बसला, आमच्याकडे पाहून काहीतरी बोलला (ते इथे छापता येणार नाही) आणि नदीपार उडून गेला.

"पण सत्तावीस उरलीत का?" टॉपर तीन दिवस नीट जेवली नव्हती. "उतरायचं नाही, खुणा नाहीत. कळणार कसं?"

"वाळू नको बघूस. पाणी बघ."

दुपार भाजत होती. एक सुरय नदीवर आला, पण मासा पकडायला नाही. त्याने पोट पाण्यात बुडवलं, पिसं चिंब केली आणि तसाच निथळत बेटावर उतरला. अंगाने नुसती सावली धरून भागत नव्हतं, म्हणून तो अंड्यांसाठी नदीच घेऊन आला होता. मग दुसरा आला. मग आणखी चार.

 

"ओलं पोट जिथे उतरेल तिथे अंडी," मावशी म्हणाली. "जी जागा मोजून झाली ती सोडायची, पुढची धरायची. लिही."

टॉपर लिहू लागली. एक. दोन. नऊ. मावशीचं रोखलेलं बोट वाळूवरून फिरत होतं. बावीस. पंचवीस. सव्वीस.

मग बराच वेळ काही नाही.

"सत्तावीस?" टॉपरने विचारलं.

"एक गेलं," मावशी म्हणाली. "आहे तेवढं लिही."

टॉपरने लिहिलं: सव्वीस. खाली लिहिलं: बारा घरटी गेली, कारण झेंडे, ते मी लावले. आणि सही केली. मावशीला वाचून दाखवलं, तर तिने नुसतं "हं" केलं आणि टॉपरची मान धरून बेटाकडे वळवली.

सव्विसाव्या घरट्यावर उतरलेला पक्षी बसला नव्हता. पंख अर्धे उघडून उभा होता. त्याच्या पोटावरून पाण्याचे थेंब गळत होते, आणि खाली, त्या थेंबांत, वाळूचाच एक चिमटीएवढा तुकडा मान वर करून चोच उघडत होता.