एवढीशी फाइल

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनतं. लॅबमधले रक्ताचे रिपोर्ट एक्सएमएल फाइलींतून येतात. आमचा पार्सर, म्हणजे त्या फाइली वाचणारा भाग, ते उलगडून डॉक्टरांच्या स्क्रीनवर पाठवतो. या पार्सरला एक खोड होती. फाइलीत कुणी लिहिलं की 'क म्हणजे दहा ख, ख म्हणजे दहा ग, ग म्हणजे दहा घ', असं पुढे पुढे, तर तो इमानेइतबारे सगळं उलगडत बसायचा, मेमरी संपेपर्यंत. मॅनेजरला हे समजावून मी थकले होते. "आपल्याला कोण कशाला असली फाइल पाठवेल गं?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

एका सकाळी नेमकी तशीच एक फाइल आली आणि सर्व्हर बसला. घाटकोपरच्या रुग्णालयातून लॅबवाल्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, पेशंटला ऑपरेशनला घ्यायचंय, सर्जन खवळलेत. रिपोर्ट दिसत का नाहीयेत?"

"ताई, तोवर कागदावर लिहून वर पाठवा. मी बघते."

शिपाई जागेवर नव्हता. बाई स्वतःच जिने चढून गेल्या.

इकडे मॅनेजरने सर्व्हर बंद करून चालू केला. सर्व्हरने रांगेतली तीच फाइल वाचायला घेतली आणि तो पुन्हा बसला. मॅनेजरने पुन्हा चालू केला.

"अरे, थांब ना!" मी ओरडलेच. "आधी ती फाइल बाजूला काढू दे."

"अँटीव्हायरस टाकूया का?"

"व्हायरस नाहीये यार! नुसती अक्षरं आहेत."

फाइल एवढीशी, मोबाइलच्या स्क्रीनवर मावेल. ती काढली तसे अडकलेले रिपोर्ट धडाधड सुटले. मग पार्सरच्या कोडमध्ये हे उलगडत बसणं बंद करणारी ओळ घातली. एक ओळ! तिच्यासाठी मी बैठकांमध्ये किती घसा कोरडा केला होता.

फाइल पाठवणारा निघाला रुग्णालयानेच नेमलेला सॉफ्टवेअरचा सुरक्षा तपासनीस. त्याला चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा होता. आमच्या मॅनेजरने खऱ्या सर्व्हरचा दिला होता. आणि आता तो बिचारा फोनवर माफी मागत होता, आणि मॅनेजर त्याला मोठ्या मनाने माफ करत होता! मी कपाळावर हात मारून घेतला.

ऑपरेशन उशिरा झालं, पण नीट झालं, असं बाईंनी दुपारी कळवलं.

तोच पार्सर आमच्या औषधांच्या सॉफ्टवेअरमध्येही होता. मॅनेजरला सांगितलं, तर म्हणाला, "ते पुढच्या महिन्यात बघू गं." मी वाद घातला नाही. जागेवर गेले आणि तिथेही ती ओळ घालून टाकली.