स्टेडी, एक नग

लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साठतात, कीस आणि किस्से. कीस रोज संध्याकाळी झाडून टाकता येतो. किस्से काही जात नाहीत!

माझे बहुतेक किस्से हैदराबादेत अफझलगंजजवळच्या आमच्या सरकारी वर्कशॉपातले, राज्यांची फेररचना चालली होती तेव्हाचे. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, म्हणून मशिनांचे, कपाटांचे आणि माणसांचेही वाटे पडले. मी मराठी, तेव्हा मी आणि माझा लेथ औरंगाबादच्या वाट्याला. लेथची स्टेडी मात्र हैदराबादच्या यादीत! आमच्या करीम उस्तादांची झोप त्यानेच उडाली. स्टेडीशिवाय हा दिगंबर, म्हणजे मी, एक दिवस हात गमावणार, अशी त्यांची खात्री होती.

* * *

खात्री उगाच नव्हती. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी चार फुटी बारीक सळई दोन टोकांना धरून लेथ सुरू केला. मध्ये आधार काहीच नाही. सळई मधोमध वाकली आणि चाबकासारखी फटकारायला लागली. उस्ताद ओरडत आले, "कमर पकड, कमर!"

मी घाबरून माझीच कमर धरली!

मशीन त्यांनीच बंद केलं. मग एक जाड लोखंडी कडं आणून सळईच्या मध्यावर बसवलं, त्याची तिन्ही बोटं सळईला हलकेच टेकवली, वर तेल सोडलं. म्हणाले, "इसकू स्टेडी बोलते मियां. लंबी चीज कू बीच में बी सहारा होना."

* * *

मोठ्या लेथसाठी उस्तादांनी आणखी एक मागितली. अर्जात पूर्ण नाव लिहिलं, 'स्टेडी रेस्ट, एक'. स्टोअरच्या कारकुनाने शेरा मारून परत पाठवला : 'विश्रांती हवी असल्यास रजेचा अर्ज करावा.'

उस्तादांनी खरंच रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं, 'सळई थकली आहे.'

मंजूर झाला!

* * *

शेजारच्या लेथवर राजय्या होता, करीमनगरकडचा. सळई फार लांब असली की तिचं शेपूट मशिनच्या मागून बाहेर येतं, आणि तेही मोकळं सोडलं तर फटकारतं. राजय्याने त्याखाली स्टूल ठेवून, वर खाच पाडलेला ठोकळा बसवला होता. एकदा मॅनेजरसाहेब तपासणीला आले आणि बसायला तेच स्टूल ओढायला लागले.

"वद्दु सार, वद्दु! नक्को!" राजय्याने आधी मशीन बंद केलं.

"का? मी उभा राहू आणि ही बसणार?"

"सार, आप गिरे तो आपकू उठाना पडता. ये गिरी तो हम सबकू उठाना पडता!"

साहेबांनी उभ्यानेच तपासणी उरकली.

* * *

याच साहेबांकडे उस्ताद स्टेडीची रदबदली करायला गेले. मी दाराशी उभा होतो.

"साब, निकाह पढाके दुल्हन कू मायके में रख लेते क्या?"

साहेब पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "उस्ताद, यादी वर गेलीय. आता माझ्या हातात काही नाही." उस्ताद बाहेर आले आणि लेथपाशी जाऊन स्टेडी पुसायला लागले. मलाही फार वाईट वाटलं.

* * *

निघायचा दिवस. लेथ ट्रकवर चढला. उस्तादांनी मला मागे एका गच्च बांधलेल्या पोत्यावर बसवलं. "हिलना नक्को." बसताक्षणीच मला कळलं, खाली काय आहे ते. तेवढ्यात स्टोअरचा कारकून रजिस्टर घेऊन आला. त्याने जन्मात स्टेडी पाहिली नव्हती.

"हैदराबादच्या वाट्याची स्टेडी, एक नग. कुठाय? दाखवा."

मी पोत्यावर आणखी दाबून बसलो. उस्ताद दोन पावलं पुढे झाले, टोपी नीट केली आणि छाती काढून उभे राहिले.

"मैं. तीस बरस से यहीच खडा हूं. लिखो."

कारकुनाने त्यांना खालीवर न्याहाळलं आणि लिहिलं, 'स्टेडी, एक नग. जुनी, पण चालू.'