मी आहे मागे

ज्योतीला जाऊन आज वर्ष झालं. मी अजून मागे वळून पाहिलेलं नाही.

सांगते.

इकडे परदेशात मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटीत होतो तेव्हापासूनची माझी मैत्रीण. लग्नानंतर दोघी या टार्निट उपनगरात आलो, तेही शेजारच्या गल्लीत. ग्रुपने कुठेही निघालो की ही बाई सगळ्यात शेवटी चालणार. कुणी रेंगाळलं, कुणाची लेस सुटली, की मागून आवाज यायचा, "चला चला, मी आहे मागे."

इंग्लंड ट्रिपलाही तेच.

लंडनला राजवाड्याच्या फाटकाशी उभं करून तिने आम्हाला धपाटे खायला घातले. ट्रेनच्या खिडकीतून बघत म्हणाली, "आपल्या टार्निटसारखंच आहे गं. फक्त गवत हिरवं."

तिचा नवरा नितीन म्हणाला, "हे बघायला आपण इतक्या लांब आलो?"

पण माझी सगळ्यात आवडती आठवण यॉर्कशरच्या माळावरची. आवडती म्हणावं की नाही, कळत नाही.

भर दुपारी धुकं उतरलं. पुढचा माणूस दिसेना. मी जाम घाबरले होते.

मागून तेवढा तिचा आवाज येत होता. "चला चला, मी आहे मागे." त्या भरवशावर आम्ही सगळे पार्किंगपर्यंत पोचलो.

ज्योती गाडीत बसली होती. पायांवर शाल, हातात चहा.

"गुडघा दुखायला लागला, म्हणून अर्ध्यातूनच परत आले. मेसेज केला होता की!"

तेव्हाच आमच्या फोनना रेंज आली आणि तो मेसेज पडला.

नितीन म्हणाला, "कान वाजले असतील."

"सगळ्यांचे?" मी विचारलं.

एरवी खिदळणाऱ्या ज्योतीने चहा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मागे वळून बघितलंत का कुणी?"

"नाही."

"बरं केलंत."

गेल्या वर्षी शिफ्टवरून आली, दुपारची जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही.

अंत्यसंस्कार आटोपून आम्ही गाड्यांकडे निघालो. पुण्याहून आलेले नितीनचे काका म्हणाले, "आता कुणी मागे वळून बघायचं नाही. जीव अडकतो तिचा."

आणि मागून आवाज आला.

"चला चला, मी आहे मागे."

नितीन थबकला. "तू पण ऐकलंस?"

मी मान हलवली.

"एकदाच बघू?"

मी त्याचा हात घट्ट धरला आणि ओढतच त्याला गाडीत बसवलं.

तेव्हापासून तो आवाज येतोय. स्टेशनच्या रॅम्पवर, किराणा घेऊन गाडीकडे जाताना. भीती केव्हाच गेली. आता मी त्याची वाट बघते, आणि तेच मला छळतं.

न बघताही मीच तिला अडकवून ठेवलंय का?

आज सकाळी आमचा ग्रुप तिच्या आठवणीत वेरिबीला नदीकाठी चालायला गेला. मी मुद्दाम सगळ्यात शेवटी राहिले. पाठीशी आवाज आला, तशी बाजूला सरकले. मान खाली घालून वाट दिली.

ज्योते, खूप सांभाळलंस आम्हाला.

आता तू पुढे हो.

मी आहे मागे.