दहाव्या नंबरचा मालक

आमच्या मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला एक फुटबॉल क्लब भेट दिला. अख्खा नव्हे, अर्थात. स्कॉटलंडमधल्या एका लहान गावाचा तो क्लब चाहत्यांच्याच मालकीचा आहे. वर्षाची वर्गणी भरली की जगातला कोणीही माणूस त्याचा एक मालक होतो आणि सभेत त्याला एक मत मिळतं. मुलगा तिकडे वर्षभर शिकायला होता, तेव्हा त्याच्या खोलीपासून मैदान चालत जाण्याएवढं जवळ होतं. शिक्षण संपवून तो पुण्यात नोकरीला लागला, आणि क्लबाची मालकी आली बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजा या गावी, आमच्या पाइपांच्या दुकानात.

क्लबाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी त्या हंगामात स्वतःची जी शोभा करून घेतली तेवढी त्यांना पुरे आहे.

माझ्या नवऱ्याने आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. पीव्हीसी पाइप, मोटारी आणि तुषार संच विकणारा माणूस. क्रिकेटचा स्कोअरसुद्धा गिऱ्हाइकाला विचारून घेणारा. पण ‘मालक’ हा शब्द त्याला असा काही भावला की आठवडाभरात बसस्टँडपासून शाळेपर्यंत सगळ्यांना ही बातमी कळली होती. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. शिपायाने मला विचारलं, मॅडम, सायबांनी विलायतेत टीम विकत घेतली म्हणतात, खरं काय? मी म्हटलं, खरं आहे, पण ती कोणी फुकट घेत नव्हतं म्हणून.

जुलैत सामने सुरू झाले. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप दिवाणखान्यातल्या टीपॉयवर यायचा आणि नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त, ज्याचं बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान आहे, तो दाराची कडी वाजवायचा. हा माणूस गेट आणि ग्रिल फार सुंदर करतो आणि बोलतो फार थोडं. दोघं सोफ्यावर बसत. मी चहा ठेवून मागच्या खुर्चीवर वह्या तपासायला बसत असे. मला त्या खेळात रस नव्हता, पण ते दोघं इंग्रजी समालोचन ऐकून माझ्याकडे वळून बघत, आणि शाळेत इंग्रजीची जागा रिकामी असताना ते तास मीच घेतलेले असल्यामुळे माझी सुटका नव्हती. समालोचन करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं इंग्रजी मलाही निम्मंच कळायचं. उरलेलं निम्मं मी चेहऱ्यावरून ठरवायचे, आणि हरणाऱ्यांचे चेहरे सगळीकडे सारखेच असतात.

तिकडच्या लीगच्या चार पायऱ्यांच्या उतरंडीत आमचा क्लब सगळ्यात खालच्या पायरीवर होता. त्या पायरीवर दहा संघ, आणि प्रत्येक संघ दुसऱ्याशी वर्षात चार वेळा खेळतो. त्याच त्या नऊ संघांकडून चार-चारदा मार खाण्यासाठी लोक तिकीट काढून पावसात उभे राहतात, हे पाहून त्या देशाबद्दलचा माझा उरलासुरला आदरही गेला. चेंडू पायाशी आला की तो लवकरात लवकर दुसऱ्याकडे ढकलायचा, म्हणजे पुढे काही झालं तर आपल्यावर येत नाही, अशी आमच्या खेळाडूंची पद्धत होती. अशी माणसं मी सरकारी कार्यालयांत पुष्कळ पाहिली आहेत, पण ती निदान धावत नाहीत.

खेळाडू सगळे पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी करणारे. गोलकीपर आठवडाभर प्लंबर होता. हे कळलं त्या दिवसापासून नवऱ्याने त्याला भावासारखा धरला.

‘‘आपल्याच लायनीतला मानूस हाये,’’ तो दोस्ताला म्हणाला.

दोस्ताने पडद्यावर पाहिलं. तिथे भाऊ जाळ्यातून चेंडू काढत होता. ‘‘हाव,’’ दोस्त म्हणाला, ‘‘गळती लागली दिसते.’’

दसऱ्यापर्यंत संघ दहाव्या नंबरवर जाऊन बसला, म्हणजे तळाला. मग एका कपाच्या सामन्यात आमच्या लोकांनी वरच्या पायरीवरच्या संघाला एका गोलने हरवलं. तो गोलही समोरच्याच खेळाडूच्या गुडघ्याला लागून आत गेला होता. आमच्यातल्या ज्याच्या नावावर तो लागला तो त्या वेळी बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बसस्टँडवर जिलेबी वाटली. लोकांनी ती खाल्ली, मालकाचं अभिनंदन केलं आणि सामना कुठे झाला, हेही विचारलं नाही. पुढच्या फेरीत सात गोल खाऊन मालक घरी आले. म्हणजे घरातच होते, पण चेहरा प्रवासातून आल्यासारखा झाला होता. रात्री जेवले नाहीत. मी मालकांच्या वाटची पोळी सकाळी गाईला घातली.

दिवाळीनंतर तिकडे घड्याळं मागे करतात, त्यामुळे सामना आपल्याकडे एक तास उशिरा सुरू होऊ लागला. इकडे हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस. तुषार संचांची विक्री वर्षात याच दोन महिन्यांत होते. आणि नवरा शनिवारी दिवस मावळायच्या आत शटर खाली ओढू लागला, सामन्याआधी कोण खेळणार आणि कोण जखमी आहे हे वाचायला. एका शनिवारी एक शेतकरी नोझल मागायला घरापर्यंत आला. शेतात पाइप जोडून ठेवले होते, लाइट रात्रीची होती आणि दोन नोझल फुटले होते. नवऱ्याने त्याला दारातूनच सोमवारी ये म्हणून सांगितलं. मी दुकानाची किल्ली घेतली, त्या माणसाला नोझल काढून दिले आणि परत आले ती बोलायच्या तयारीनेच.

इथे एक सांगायला हवं. आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागाही रिकामीच, म्हणून मुलींचा खो-खो संघ मी सांभाळते. या मुली तालुका जिंकून बुलढाण्याला खेळून आल्या आहेत. इतक्या वर्षांत नवऱ्याने त्यांचा एकही सामना पाहिला नव्हता, कारण दुकान.

‘‘पोरी बुलढाण्याला गेल्या तेव्हा तुमचं दुकान बंद होत नव्हतं,’’ मी म्हटलं. ‘‘आता कसं होते?’’

तो लॅपटॉपकडेच पाहत होता. ‘‘तू कधी बलावलंच नाही मले.’’

‘‘यांनी तरी कुठं बोलावलं होतं?’’

त्याने लॅपटॉपचा आवाज वाढवला. दोस्ताने चहाचा कप खाली ठेवला आणि काम आठवलं असं म्हणत निघून गेला. सामना शून्य-शून्य सुटला. त्या हंगामातला तो आमचा चांगल्यातला निकाल.

जानेवारीत तिकडचं मैदान गोठलं. लागोपाठ काही शनिवार सामनेच नाहीत. नवरा घरात फिरायचा, पंख्याच्या पात्या पुसायचा, माझ्या वह्यांचे गठ्ठे उगाच सरळ करायचा. त्याच दिवसांत खामगावला शाळांचे खो-खो सामने होते आणि मैदानाच्या कडेला मला हे दोघं मोटारसायकलवरून उतरताना दिसले. मी हरखून गेले नाही. स्कॉटलंडला बर्फ पडला म्हणून आमच्या मुलींच्या वाट्याला आलेला तो प्रेक्षक होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि आल्यावर त्याने केलं काय? मुलगी खांबाला वळसा घालून पळाली की हा कडेने ‘ऑफसाइड’ म्हणून ओरडायचा. पंचांनी दोनदा वळून पाहिलं. दोस्त चार पावलं बाजूला जाऊन उभा राहिला, ओळख नसल्यासारखा. आमच्या मुली अंतिम सामन्यात एका गुणाने हरल्या. त्या तोंड धुवायला नळावर गेल्या तर हा त्यांच्यामागे गेला आणि सांगू लागला की हरण्याचं मनावर घ्यायचं नसते, हळूहळू सवय होते.

आमच्या कर्णधार मुलीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. ‘‘काका, आमचा दुसरा नंबर आला,’’ ती म्हणाली.

परतताना त्याने सगळ्या मुलींना उसाचा रस पाजला. एवढं खरं, की ती मुलगी कशी पळाली, कशी एकदम फिरली, हे तो घरी जेवताना सांगत राहिला. मीच शिकवलेलं मलाच सांगत होता.

बर्फ वितळला आणि संघ पुन्हा हरू लागला. मार्चमध्ये मालकांची सभा भरली, कॉम्प्युटरवर. विषय एकच : प्रशिक्षकाला ठेवायचं की काढायचं. नवऱ्याने मुलाच्या साखरपुड्याचा कोट घातला. पडद्यावर लहान लहान चौकोनांत म्हातारी माणसं, टोप्या, चष्मे, एकाच्या मांडीवर कुत्रं. अध्यक्षांनी फार अगत्याने विचारलं की आपले भारतातले सभासद काही बोलतील का. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी सरकले.

तो वऱ्हाडीत बोलला आणि मी इंग्रजीत सांगत गेले. त्याचं म्हणणं असं, की डावीकडच्या गोलपाशी पाणी साचते, तिथे भोकं पाडलेले पाइप जमिनीखालून टाकले आणि कडेच्या नालीत सोडले तर मैदान कोरडं राहील. उतार किती ठेवायचा, तेही त्याने हाताने दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, फार मोलाची सूचना, मनापासून आभार. आणि चहाच्या टपरीच्या गळक्या छपराचा विषय घेतला. हे आभार माझ्या ओळखीचे होते. ग्रामसभेत बाईने हात वर केला की आमच्याकडेही असेच मानतात.

वर्षभर त्या प्रशिक्षकाला सोफ्यावरून शिव्या घालणाऱ्या माझ्या नवऱ्याने मत दिलं ते त्याला ठेवण्याच्या बाजूने. असं काऊन केलं, म्हणून मी विचारलं.

‘‘एवढ्या लोकायसमोर कोनाले काढाचं, मले जमत नाही,’’ तो म्हणाला आणि कोट काढून ठेवला.

बाकीच्यांना जमलं. नवा प्रशिक्षक आला. त्याने पाठीला कणा असलेले दोन खेळाडू बसवून ठेवले आणि संघ आणखी नेटाने हरला.

सगळ्यात खाली राहिलेल्या संघाला शेवटी खालच्या लीगच्या विजेत्याशी दोन सामने खेळावे लागतात; हरला तर चारही पायऱ्यांच्या बाहेर. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा मे महिन्यातल्या एका शनिवारी, आमच्या क्लबाच्याच मैदानावर. आमच्याकडे कूलर गरम हवा फेकत होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना कोपऱ्यातून चेंडू आला, प्लंबर पुढे धावला, दोन्ही हातांत चेंडू आला आणि निसटला. समोरच्याने नुसता पाय लावला. सामना संपल्यावर प्लंबर गोलपाशी मांडी घालून बसला. एक मुलगी, त्याचीच असावी, मैदानात आली आणि त्याच्या शेजारी बसली.

इतके महिने माझ्याकडे टोमणे साठलेले होते. मी एकही काढला नाही, कारण नवऱ्याने तेव्हा सोफ्याची कड हाताने धरली होती.

सोमवारी बाजाराने कसर भरून काढली. मालक, टीम भंगारात काढली काय? मालक, आता पाइप तरी राह्यले का? जिलेबी खाल्लेलीच ही तोंडं. मुलाचाही फोन आला, पप्पा, सोडा आता, मी गंमत म्हणून दिलं होतं. मला ती गंमत फार लागली. मी संघाला हसत होते हे खरं, पण मी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा त्या खुर्चीवर बसून काढला होता. खताच्या दुकानातला एक जण माझ्यासमोरच नवऱ्याची टर उडवू लागला तेव्हा मी त्याला विचारलं, तुम्ही एक तरी सामना पाहिलात का? तो हसला. नाही म्हणाला. मी म्हटलं, मग पैसे परत द्या, जिलेबीचे. त्याचं हसू पुरतं गेलं नाही, पण तो आत गेला.

जूनमध्ये क्लबाचं पत्र आलं, पुढच्या वर्षाची वर्गणी भरणार का. पुष्कळ जण सोडून गेले होते. नवरा म्हणाला, राहू दे, कायची मालकी आता. लॅपटॉप त्याने मिटून कपाटावर ठेवला. त्याच संध्याकाळी दोस्त आला, सोफ्यावर बसला आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाला, ‘‘भाभी, माझं नाव टाका त्याच्यात.’’

नवऱ्याने विचारलं, ‘‘तुले काय करायचं बे? पडलं ते.’’

‘‘म्हनूनच तं,’’ दोस्त म्हणाला. ‘‘जिंकनाऱ्याले मानसं भेटतात.’’

मी त्याचं नाव टाकलं. नवरा माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझंही राहू दे त्याच्यात. अशा रीतीने पिंपळगाव राजात आता दोन मालक आहेत, आणि ऑफसाइड म्हणजे काय हे दोघांनाही सांगता येत नाही.

या नव्या, आणखी खालच्या लीगमध्ये कॅमेरा नाही. क्लबाच्या पानावर कोणीतरी एकेक ओळ इंग्रजीत लिहितो आणि ती मी मराठीत वाचून दाखवते. पहिल्या शनिवारी बाहेर पाऊस होता, पेरण्या आटोपल्या होत्या. दोघं सोफ्यावर आणि मी फोन घेऊन खुर्चीवर. तिसरीच ओळ गोल झाल्याची होती. ती मी वाचली. कोणत्या संघाने केला, हे न विचारताच नवरा म्हणाला, पुढची ओळ वाच.