ओट्यामागचा झिंगा

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर ज्या टाइल्स होत्या, त्या माझ्या पत्नीने पसंत केलेल्या नव्हत्या. त्या मी आणल्या होत्या. आमचे नातेवाईक, शेजारी, हळदीकुंकवाला येऊन गेलेल्या बायका, रायपुरातून बदली होऊन कुठे कुठे गेलेली मंडळी, ज्यांनी ज्यांनी त्या टाइल्स पाहिल्या आणि बाहेर चपला घालताना एकमेकांकडे बघून हसू दाबलं, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

राज्य नवीन झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हाची गोष्ट. आमचं कार्यालय होतं तिथेच होतं. पंखा तोच होता, पंख्याचा आवाजही तोच होता, पण आम्ही आता राजधानीत काम करत होतो. बूढापाऱ्यात आम्ही भाड्याने राहायचो. तिथला इस्त्रीवालासुद्धा माझ्या शर्टावर इस्त्री दाबून फिरवत म्हणायचा, "अब राजधानी है भैया, क्रीज तो पड़नी चाहिए." मी त्या हवेत होतो. पदात फारसा फरक नव्हता. चालण्यात पडला होता, असं पत्नी म्हणते.

त्याच सुमारास आम्ही गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर बांधायला काढलं. फाटक, जिना, खिडक्यांच्या जाळ्या, बाहेरचा रंग, सगळं मी ठरवलं. पत्नीने एकदाच तोंड उघडलं.

"सगळं घर तुमच्या मनाचं करा. मले फक्त गॅसमागची भिंत द्या."

मी म्हटलं, "दिली."

गुढियारीकडच्या रस्त्यावर टाइल्सचं एक दुकान होतं. तिथे आम्ही दोघं गेलो. पाचदहा टाइल्स तिने खाली मांडायला लावल्या, मग पर्समधून एक डबी काढली. डबीत तेलात कालवलेली हळद होती. बोटाने तिने प्रत्येक टाइलला एकेक टिळा लावला आणि स्टुलावर बसून राहिली.

दुकानदार धावत आला. "अरे दीदी, ये क्या कर रही हैं!"

"भैया, फोडणी उडते. डाग निघते का नाही, ते पाहून राहिली मी. थोडा वेळ थांबावं लागते."

दुकानदार हताशपणे माझ्याकडे बघत होता, आणि नेमके त्याच वेळी आमच्या कार्यालयातले मोठे साहेब सहकुटुंब आत आले. त्यांना फरशी घ्यायची होती. त्यांनी ती टिळे लावलेली रांग पाहिली, मला पाहिलं, आणि खो खो हसले. "क्या भई, टाइल्स की पूजा चल रही है?"

मीही हसलो. मोठ्यांदा हसलो. मग "नहीं सर, मैं तो वो... उधर देख रहा था," असं म्हणून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे कमोड मांडलेले होते. साहेब जाईपर्यंत मी ते कमोड इतक्या बारकाईने पाहिले की दुकानातला माणूस मला सीट उघडून दाखवायला लागला.

परत आलो तेव्हा पत्नी जुन्या फडक्याने टाइल्स पुसत होती. तिने एक उचलून दाखवली. मंद पिवळी, कढीच्या रंगाची. "ही. बाकी सगळ्या डाग धरतात." 

पुढे तिच्या भावाच्या मुलाचं बारसं आलं आणि ती वर्ध्याला गेली. येताना माझ्या आईला घेऊन येणार होती, कारण नव्या घरात पहिल्या महालक्ष्म्या बसायच्या होत्या. इकडे मिस्त्री म्हणाला, उद्या टाइल्स पाहिजेत. मी एकटाच दुकानात गेलो. या खेपेला दुकानदाराने मला खुर्ची दिली, थंडा मागवला आणि कढीच्या रंगाची टाइल पाहून तोंड वाकडं केलं.

"साहब, ये तो ढाबेवाले ले जाते हैं. अब राजधानी में आप जैसे लोग..."

त्याने एक खोका फोडला. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स. प्रत्येक दोनचार साध्या टाइल्सनंतर एक चित्राची. चित्रात एक बशी, बशीत हिरवी पानं, लिंबाच्या फोडी आणि मधोमध लालभडक, मोठं, वळलेल्या पाकळ्यांचं आणि लांब केसरांचं काहीतरी.

"हे काय आहे?"

"फूल है साहब. बाहर का."

आमच्या घराण्यात समुद्र कोणी पाहिला असेल तर तो शाळेच्या नकाशात. बशीत फूल कशाला, फुलाशेजारी लिंबू कशाला, हे प्रश्न मला पडायला हवे होते. पडले नाहीत. मोठ्या लोकांकडे असेल पद्धत, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला टाइल नकोच होती. साहेब कधी घरी आलेच, तर ज्या भिंतीकडे बघून ते हसणार नाहीत, अशी भिंत मला हवी होती. साहेब आमच्या घरी कधीच आले नाहीत.

पत्नी आणि आई आल्या तेव्हा टाइल्स लागून झाल्या होत्या. पत्नी पिशवी हातात धरूनच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ह्या कोणत्या?" एवढंच म्हणाली. मी कढीची टाइल संपल्याची काहीतरी हकीगत जुळवत होतो, तेवढ्यात नवीनच लावलेली भांडीवाली मागून आत आली. तिने भिंत पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"ए दाई! अतका बड़े झिंगा!"

"झिंगा म्हणजे?" आईने विचारलं.

भांडीवालीने दोन बोटं कपाळाशी धरून मिशा हलवून दाखवल्या आणि मग हात तोंडाकडे नेला. "पानी म रहिथे, दाई. बने लागथे खाए म."

माझी आई चातुर्मासात कांदा चिरलेल्या विळीलासुद्धा हात लावत नसे. ती भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवरून सगळे झिंगे तिच्याकडे बघत राहिले.

"अन् ह्याइच्यासमोर मी महालक्ष्म्यांचं पुरण घालू?" ती म्हणाली. "कोणं पसंत केलं हे?"

आणि मी म्हणालो, "हिनंच. दुकानात जाऊन हिनंच पसंत केलं."

पत्नीने माझ्याकडे पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली. नव्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या सासूसमोर नवऱ्याला खोटं पाडावं, असं तिच्या मनात आलं नाही. संध्याकाळपर्यंत आईला एकटं गाठून खरं सांगून टाकू, असं मी ठरवलं. संध्याकाळी नळाचं काहीतरी निघालं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी आईने कणकेची खळ करून सगळ्या झिंग्यांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. पुरण शिजायला लागलं, भिंतीला वाफ धरली आणि कागद सुटत गेले. आंबील उतरवेपर्यंत चारदोन झिंगे मिशा बाहेर काढून सोळा भाज्यांकडे बघत होते. जेवायला आलेल्या सवाष्णी एकेक करून पाणी प्यायला म्हणून आत जायच्या आणि पाणी न पिताच बाहेर यायच्या. आई प्रत्येकीला सांगायची, "आमच्या सूनबाईची पसंत."

त्या दिवसापासून वाईट पसंतीचं ते नाव तिला चिकटलं. माझ्या बहिणीला एखादी भडक साडी दिसली की ती म्हणायची, "अगदी वहिनीच्या टाइल्ससारखी." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा पत्नीला बाहेरच्या खोलीत बसवून बाकीचे आत गेलो. गंमत म्हणून हो, सगळं गंमत म्हणून. हळद त्या चकचकीत टाइल्सना आणि सांध्यांना अशी धरली की एकदोन वर्षांत झिंगे रश्श्यात शिजल्यासारखे दिसायला लागले. पत्नी रोज घासायची. लोकांसमोर ती एक शब्द बोलली नाही. मला मात्र सोडलं नाही. हा शर्ट घालू की तो, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मले काहून विचारता? माझी पसंत तर भिंतीवर लागून आहे."

मुलाच्या लग्नाचा शालू घ्यायला आम्ही सदर बाजारात गेलो. दुकानाच्या गादीवर बहीण पुढे, पत्नी कडेला पिशव्या सांभाळत. बऱ्याच वेळाने तिने एका शालूकडे बोट दाखवलं. बहीण म्हणाली, "वहिनी, तुम्ही राहू द्या. सून काय झिंगा नेसून उभी राहील का?" सगळे हसले. दुकानदाराला काही कळलं नव्हतं, तोही हसला. मीही हसलो. पत्नीने हात मागे घेतला आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली. मुलगा तिचा, लग्न त्याचं. तिने दाखवलेला शालू चांगला होता, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

आई होती तोवर वाटायचं, आईसमोर कसं सांगावं. आई गेल्यावर वाटायला लागलं, आता सांगून काय उपयोग.

मग यंदा मुलाने आणि सुनेने स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरवलं. सुनेला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. मोबाइलवर भिंतींची चित्रं तिने मुलाला दाखवली, मला दाखवली, शेजारणीला दाखवली. पत्नी तिथेच बसून गवार मोडत होती. सून तिच्याकडे वळणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मम्मी को मत पूछो यार, फिर झिंगा आ जाएगा."

सगळे हसले आणि या खेपेला पत्नीही हसली. इतक्या वर्षांत ती यावर कधी हसली नव्हती. स्वतःची पसंत वाईट आहे हे जणू तिलाही आता पटलं होतं. तिचं ते हसणं मला सहन झालं नाही.

रविवारी बहीण जेवायला होती. मी ताटावरच सांगून टाकलं. "त्या टाइल्स मी आणल्या होत्या. हिनं दुसऱ्या पसंत केल्या होत्या. मी आईशी खोटं बोललो."

मग सून म्हणाली, "पापा, आप कितने स्वीट हैं! अभी भी मम्मी को बचा रहे हैं."

बहिणीचे डोळे भरून आले. "दादा पहिल्यापासून असाच आहे. मन मोठं."

कोणीतरी माझ्या वाटीत बासुंदी ओतली. मी साहेबांची गोष्ट सांगितली, कमोडची सांगितली, फुलाची सांगितली. जितकं खरं सांगत गेलो, तितकं ते रचलेलं वाटत गेलं.

"फूल?" मुलगा म्हणाला. "पापा, झिंगे को फूल कौन समझेगा? इतना भोला कोई नहीं होता."

"हे होऊ शकतात," पत्नी म्हणाली. पण तेही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. माझ्या ताटात पोळी वाढताना ती हळूच म्हणाली, "वा! खोटं बोलले तरी तुम्हीच चांगले, अन् खरं बोलले तरी तुम्हीच चांगले. घ्या, तूप घ्या."

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. बासुंदी संपवली, पण जेवण गेलं नाही.

टाइल्स बघायला मुलगा आणि सून निघाले तेव्हा मी दारात उभा राहिलो. म्हटलं, ही आल्याशिवाय कोणी जायचं नाही. पत्नी म्हणाली, "मी नाही येत. माझं काय काम?" मी म्हटलं, "भिंत तुझी आहे. मी दिली होती अन् मीच काढून घेतली." ती आत गेली. साडी बदलायला गेली असेल असं वाटलं. परत आली तेव्हा साडी तीच होती. फक्त पर्स फुगलेली होती.

दुकान आता वातानुकूलित होतं. विक्रीला गणवेशातली मुलगी. सुनेने एक गुळगुळीत पांढरी टाइल जवळजवळ नक्की केली होती. पत्नीने पर्समधून डबी काढली, झाकण उघडलं आणि त्या पांढऱ्या टाइलला हळदीचा टिळा लावला. मग शेजारचीला. मग तिच्या शेजारचीला.

"आंटी, ये आप..." ती मुलगी दचकली.

"थांब बेटा. थोडा वेळ लागते."

दुकानातली दोनतीन माणसं बघायला लागली. मुलाने नजर वळवली आणि हळूहळू नळांच्या बाजूला सरकला. त्याचे पाय माझ्यावर गेले आहेत. मी मात्र तिथेच उभा राहिलो. पत्नी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिकडे कमोड आहेत. जा, पाहून या."

"नाही. मी इथंच उभा राहतो. फडकं दे."

तिने फडकं दिलं. वेळ झाल्यावर मी पुसायला लागलो. सुनेच्या आवडत्या पांढऱ्या टाइलवर पिवळा चट्टा तसाच राहिला. सून त्या चट्ट्याकडे बघत राहिली.

"मम्मी, तब भी आपने ऐसे ही देखा था?"

"तवाही असंच पाह्यलं होतं. कढीच्या रंगाची होती. पुसली का स्वच्छ."

सून हळूच माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दलचा जो काही आदर होता, तो एकेक पायरी खाली उतरताना मला दिसला.

"पापा," ती म्हणाली, "सच में? फूल?"

मी मान हलवली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पत्नीने त्या दिवशी काही पसंत केलं नाही. पुढच्या दुकानात चल म्हणाली, तिथून आणखी पुढच्या. दरवेळी सून तिच्यासोबत पुढे आणि मी मागे नमुन्यांची जड पिशवी घेऊन. एका दुकानात हुबेहूब कढीचा रंग मिळाला. मी आनंदाने ओरडलो. तिने एकदा पाहिलं आणि बाजूला ठेवला. "तवा आवडत होता. आता नाही आवडत." शेवटी तिने भिजवलेल्या मुगाच्या सालीच्या रंगाची घेतली. डाग धरत नाही, हे मी स्वतः पुसून पाहिलं आहे.

जुनी भिंत फोडायला मिस्त्री आला तेव्हा तिने त्याला बजावलं, "भैया, एक साबूत काढजो." बाकीचे सगळे फुटले, एक अख्खा निघाला. तो कुठे लावायचा हे मिस्त्रीने विचारलं, तर म्हणाली, "ज्याची पसंत, त्याच्या बाथरूममध्ये."

तो आता माझ्या आरशाशेजारी आहे. पाहुणे आले की सून त्यांना मुद्दाम तिथवर नेते आणि सांगते, "ये पापा की पसंद है." बहीण आली तेव्हा बराच वेळ आत उभी होती. बाहेर आल्यावर माझ्याशी बोलली नाही. वहिनीला मात्र म्हणाली, माझ्या नातवाच्या मुंजीच्या साड्या घ्यायच्या आहेत, तुम्ही चला सोबत. पत्नी म्हणाली, "पाहू. वेळ असला तर येईन."

रोज सकाळी दाढी करताना तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. चष्मा लावला की झिंगा आहे, यात शंकाच नाही. पण दाढी करताना चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की तो मला अजूनही फूलच वाटतो. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.