राष्ट्रगीताला बसलेल्या सात जणी

माझा आवाज मोठा आहे. किती मोठा, तर शिट्टी घरी राहिली तरी ग्राउंडवर कुणाचं काही अडत नाही. जन्म धुळ्याचा, नोकरी जळगावात, आणि पंचवीस वर्षं कॉलेजच्या मुलींना खो-खो शिकवतेय. शिकवताना प्रमाण मराठी कुठली सुचायला? 'पय वं माय, पय! बठ्ठ्या जपी गयात का?' असंच तोंडातून निघतं. सगळ्या झोपल्यात का, म्हणून मी ओरडले की मुली हसायच्याही आणि जीव तोडून पळायच्याही. आपला ओरडा म्हणजे आपली माया, मुलींना ते कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडे होत्या. डिसेंबरातली सकाळ, बरी थंडी पडलेली. मांडवात पाहुणे, समोर बाहेरगावचे संघ, आणि यजमान म्हणून आमच्या चौकांत बसणाऱ्या मुली थेट मैदानाच्या मधोमध, जिथे आठ चौक आखलेले असतात त्या पट्टीवर उभ्या केलेल्या; धावणारी नववी आणि राखीव मुली कडेला. मी बाजूला, कडक इस्त्रीच्या ट्रॅकसूटमध्ये. भोंग्यातून सूचना आली, सगळे सावधान झाले, राष्ट्रगीत सुरू झालं. आणि माझ्या मुली खाली बसल्या.

पटकन नाही, धडपडत नाही. खेळताना बसतात तशा, अगदी मी शिकवल्या तशा बसल्या. एक गुडघा जमिनीला टेकलेला, बोटं जमिनीला लागलेली, पाठ ताठ, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. सात चौकांत सात जणी. खांबाजवळचा आठवा चौक रिकामा.

माझं डोकंच फिरलं. पण करणार काय? राष्ट्रगीत चालू होतं, मी सावधान होते. ओरडता येईना, हलता येईना. हात नुसते शिवशिवत होते. बावन्न सेकंद मी त्या सात पोरींकडे बघत उभी राहिले, आणि त्यातल्या माझ्याकडे तोंड असलेल्या चार जणी माझ्याकडे बघत होत्या. गाणं संपलं तशा सगळ्या उभ्या राहिल्या, अंगावरची माती झटकली, आणि सामना खेळायला तयार. सामना हरलो. त्याचंही मला काही वाटलं नाही, इतकी मी पेटलेली होते.

दुपारपर्यंत व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. मग काय, स्टाफरूममध्ये तीन दिवस दुसरा विषय नाही. केमिस्ट्रीचे एक तरुण सर म्हणाले, 'मॅडम, परदेशात कॉलेजचे खेळाडूसुद्धा राष्ट्रगीताला असे गुडघ्यावर बसलेत. आपल्या माणसांवर अन्याय होतो म्हणून. झेंड्यावर राग नसतो त्यांचा.'

'मग जा म्हणावं तिकडेच,' गणिताचे सर म्हणाले. त्यांचा भाऊ फौजेत आहे. ते खरंच दुखावले होते, उगाच बोलत नव्हते. 'माणसानं भांडावं ना. मोर्चा काढा, अर्ज करा. तेवढं एक मिनिट सोडून भांडा की.'

मी गणिताच्या सरांच्या बाजूची. एकदम कट्टर. ज्या पोरींना सावधान कसं उभं राहायचं ते मी टाचा जुळवून शिकवलं, त्यांनी चारचौघांत माझं नाक कापलं, एवढंच माझ्या डोक्यात. कारण विचारावं असंही मला वाटलं नाही. कारण मला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं मी धरून चालले होते. आमच्या आठव्या चौकातली मुलगी स्पर्धेतून बाद झाली होती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. वाऱ्यासारखी पळायची. तिची हजेरी कमी भरली, ऑफिसनं नाव काढलं. मी म्हटलं होतं, नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. वरून फोन येत होते, ते बिचारे वैतागले होते. म्हणाले, 'मॅडम, सातही जणींना नको. कर्णधाराकडून माफीपत्र घ्या, राष्ट्रगीताचा अपमान केला याबद्दल. फाइलला लावू आणि विषय संपवू. नाही दिलं तर मला तिला काढावं लागेल.'

आता आमची कर्णधार म्हणजे जळगावजवळच्या असोद्याची. तिसऱ्या वर्षाला. वडील दुसऱ्यांच्या केळीत कामाला जायचे. पोलीस भरतीची तयारी चालली होती तिची, दोन वर्षं. पहाटे असोद्याच्या रस्त्यावर आठशे मीटर पळायची, मग बसनं येऊन माझ्याकडे गोळा फेकायची, मग लेक्चर. घरात पहिला सरकारी पगार तिचाच येणार होता. आणि मला हे पुरतं कळत होतं की उद्या भरतीत नाव लागलं आणि पोलीस चौकशीला कॉलेजात आले, तर फाइलमध्ये तिच्याच हस्ताक्षरातला 'अपमान केला' हा शब्द त्यांच्या हातात पडणार. आणि नाही लिहून दिलं तर कॉलेजातूनच काढून टाकणार. पोरगी दोन्हीकडून अडकली होती.

तरी माफीपत्राचा मजकूर मीच लिहून काढला. रागात अक्षर फार सुंदर येतं माझं. तो कागद पर्समध्ये घातला आणि स्कूटीवर असोद्याला गेले.

घर शोधायला वेळ लागला नाही, व्हिडिओमुळे सगळ्या गावाला पोरगी ठाऊक झालेली. वडील ओट्यावरच होते. मला बघून उठले, खुर्ची पुसली, स्वतः मात्र खाली बसले. मी म्हटलं, 'भाऊ, वर बसा.' तर नाहीच. म्हणाले, 'मॅडम, पोरीचं काई चुकलं असंन तं दोन थापडा मारा. तुमचा हक आहे. पन कागदावर नका नेऊ.'

आई चहा करायला आत गेली. मुलगी दारात उभी. मी कागद पुढे केला. तिनं पूर्ण वाचला, दोनदा वाचला, आणि परत दिला.

'मॅडम, तुम्हाला वाईट वाटलं, त्याची माफी लिहून देते. हवी तेवढी. पण अपमान केला असं नाही लिहिणार. अपमान नाही केला आम्ही.'

'मग काय केलं? आरती केली?' मी ओरडले. शेजारच्या ओट्यावरची बाई तांदूळ निवडायची थांबली.

'मॅडम, ऑफिसात हजेरीची यादी मीच नेऊन देते ना दर महिन्याला.'

मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

हे सांगायला हवं नीट. प्रॅक्टिसमुळे खेळाडूंची लेक्चरं बुडतात. म्हणून मी दर महिन्याला ग्राउंडवरच्या हजेरीची यादी ऑफिसला पाठवते. त्या यादीत नाव असलं की बुडालेली लेक्चरं हजेरीत धरतात. ऑक्टोबरात पाड्यावरची ती मुलगी न सांगता पंधरा दिवस घरी गेली. कापूस वेचायला. घरचे सगळेच जातात, हिचे दोन हात कोण सोडणार? परत आली तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर झापली आणि त्या रागात महिन्याच्या यादीत तिचं नाव लिहिलंच नाही. एवढाच धडा शिकवायचा होता. पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांचं एकदम लिहू, म्हटलं. विसरले. ऑफिसचं पत्र आलं तेव्हा कापसाला दोष दिला. खरं तर पंधरा दिवस गैरहजर राहूनही तिची हजेरी भरत होती. न लिहिलेले उरलेले पंधरा दिवस माझे होते.

'तू मला विचारायचं होतंस,' मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

'विचारलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, तोंड वर करून विचारतेस का. तिनं पण विचारलं होतं. तिला तर तुम्ही वाक्य पण पुरं करू दिलं नाही, मॅडम. तिला मराठीत बोलायला वेळ लागतो.'

'म्हणून राष्ट्रगीताला बसायचं?'

ती खाली बघत म्हणाली, 'मोबाईलवर पाहिलं होतं, बाहेरचे खेळाडू बसतात ते. पण त्याच्यासाठी नाही. मॅडम, तुम्ही सारख्या ओरडता. शिट्टी, धावपळ, कुणावर तरी चिडलेल्या असता. फक्त राष्ट्रगीताला तुम्ही गप्प उभ्या असता आणि आमच्याकडे बघता. रिकामा चौक तुम्हाला दिसावा, एवढंच होतं. दुसरी वेळच नव्हती.'

चहा आला. मी कप हातात धरला, पिववेना. मला लाज वाटली. फार लाज वाटली. पंचवीस वर्षांत पोरींना माझ्याशी बोलायला बावन्न सेकंद मिळाले होते, तेही देशाच्या गाण्यातून उसने घेतलेले. आणि मी त्यांना अपमान म्हणजे काय ते शिकवायला निघाले होते. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. तिची आई घाबरली, म्हणाली, 'मॅडम, चहात साखर कमी पडली का वो?' मग आम्ही सगळेच हसलो, ती पोरगी रडत रडत हसली.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडच्या हजेरीचं रजिस्टर घेऊन मी प्राचार्यांसमोर बसले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

'मॅडम, मग फाइलला काय लावू मी?'

'माझा खुलासा लावा. त्या बसल्या ते माझ्यामुळे. मेमो द्यायचा तर मला द्या.'

'तुमच्या सर्व्हिस बुकला जाईल ते.'

'जाऊ द्या सर. भरतीला मला जायचं नाहीये.'

मेमो आला. गणिताच्या सरांचं माझ्याशी चार दिवस बोलणं बंद होतं. पाचव्या दिवशी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, 'मला अजूनही पटलेलं नाही बरं का. पण त्या पाड्यावरच्या मुलीचं गणित कच्चं आहे, तिला पाठवत जा माझ्याकडे.' राष्ट्रगीताला बसावं की नाही, यावर आम्ही दोघं आजही भांडतो. मीही म्हणते, बसू नये. पण बसायची पाळी कुणी आणली, तेही विचारावं.

नाव काढल्यापासून ती मुलगी घरीच होती, म्हणून पाड्यावर मी स्वतः गेले. चोपड्यापर्यंत बस, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर. ती शेतात होती, कमरेला कापसानं भरलेली झोळी. मी मोठं भाषण पाठ करून गेले होते. 'चुकलं माझं,' एवढंच म्हणता आलं. ती बोलू लागली, अडखळली, शब्द शोधू लागली. माझ्या ओठांवर तिचं वाक्य आलं होतं, मी ते गिळलं आणि थांबले. बऱ्याच वेळानं तिनं ते पुरं केलं. 'मॅडम, मी सोमवारी येते, पण या ओळी वेचून.' मग आम्ही दोघींनी त्या ओळी वेचल्या. माझी बोटं बोंडांनी सोलून निघाली आणि ती माझ्या वेचण्याला पोटभर हसली. ती सोमवारी आली. पुढच्या वर्षी खांबाजवळचा चौक तिचाच होता.

कर्णधाराची निवड दीड वर्षानं झाली. मग एक दिवस चौकशीसाठी हवालदार कॉलेजात आले. वयस्कर, थकलेले, हातात छापील फॉर्म. व्हिडिओ त्यांनाही माहीत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. फाइल त्यांनी उघडली, आत फक्त माझा मेमो. तो वाचून माझ्याकडे पाहिलं.

'शिस्तभंग झाला होता का, मॅडम?'

'झाला होता. मी केला होता. तिनं दाखवून दिला.'

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. हसले, पेन काढलं आणि वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं, चांगली.

'भाऊ, त्याच्या आधी "फार" लिहा.'

'तेवढी जागा नाही मॅडम इथे.'

'मग अक्षर बारीक काढा,' मी म्हणाले, आणि काय सांगू, पुन्हा ओरडूनच म्हणाले. व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली. हवालदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फॉर्म डोळ्यांजवळ धरला आणि 'चांगली'च्या आधी उरलेल्या एवढ्याशा जागेत बारीक अक्षरात 'फार' लिहिलं.