शॅल की विल

इंग्रजी व्याकरणाचे नियम अढळ असतात, अशी माझी एकेकाळी श्रद्धा होती. काल नातीच्या पुस्तकात ‘शॅल आणि विल, दोन्ही चालतात’ असं वाचलं आणि परळमधली एक पोलीस चौकी आठवली.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दादाला पकडलं होतं. ‘पुन्हा मोर्चाला जाणार नाही’ असा इंग्रजीत अर्ज लिहून दिला तरच तो सुटणार होता, आणि उद्या पाळीला गेला नाही तर गिरणीतून त्याचं नाव कमी होणार होतं. तरी कोठडीतून तो ओरडत होता, "शपथ लिहिलीस तर सही करणार नाय हां!"

मी मॅट्रिकला होते, म्हणून शाईचा टाक माझ्या हातात आला. सोबत आलेले शेजारचे मास्तर कानाशी म्हणाले, "‘आय विल नॉट’ म्हणजे शपथ. ‘आय शॅल नॉट’ म्हणजे नुसता भविष्यकाळ. शॅल लिही."

"पण मास्तर, फौजदाराला हा फरक कळेल?" वहिनीने विचारलं.

"न कळण्यावरच तर सगळं आहे."

भीतीने मी ‘शॅल’ दोनदा गिरवलं. "शॅलच ना गं?" असं विचारून दादाने सही केली. फौजदार एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागले. ‘शॅल’वर बोट थांबलं. वहिनीने माझं मनगट आवळलं. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

शाई ओली होती. फौजदारांनी बोट अर्जालाच पुसलं आणि दादाला सोडलं. अर्जात त्या जागी शॅल नव्हतं आणि विलही नव्हतं. एक निळा डाग होता.